रुखवतातलं देऊळ

नणंदेच्या लग्नाचा आठवडा उजाडला आणि त्याच आठवड्यात उजनी धरणाचं पाणी इतकं खाली गेलं की आमच्या बुडालेल्या जुन्या गावाचं देऊळ शिखरापासून पायरीपर्यंत उघडं पडलं. पुण्यातल्या माझ्या चित्रकलेच्या सरांनी तेव्हाच निरोप धाडला होता की निसर्गचित्रांचं प्रदर्शन लावतोय, एक चांगलं चित्र आण, तुझ्यासाठी भिंत राखून ठेवतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी भिंत राखली होती. एरवी भिंती माझी वाट बघायच्या त्या 'शुभविवाह' लिहून घ्यायला.

माझं माहेर बारामतीचं, सासर डाळजच्या जवळ. चित्रकलेचा डिप्लोमा झालेली सून म्हणजे सासरला लॉटरीच लागली होती. दारावर गणपती मी काढायचा, दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार मी उभे करायचे, नव्या ट्रॅक्टरवर नाव मीच घालायचं. मला ते आवडायचंही. ब्रश हातात आला की मी मुळातच थोडी खुळी होते. पण त्या आठवड्यात चोपदाराच्या मिशा रंगवतानाही जीव देवळात अडकला होता. पाणी परत चढलं की देऊळ वर्षभरासाठी गेलं, आणि लग्नघरातून सुनेला बाहेर कोण सोडणार? शिवाय रुखवत मांडायचं कामही माझ्याच गळ्यात होतं.

शेवटी देवच मदतीला आला. लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते, तशी ती नव्या देवळात ठेवूनही झाली होती. आमचा देव धरण झालं तेव्हाच नव्या गावठाणात आणून बसवला होता, पण आत्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं म्हणणं असं की मूर्ती इकडे आली, देवाचा जीव अजून तिकडेच आहे. मग त्या, मामंजी आणि मी असे तिघे ट्रॅक्टरने काठापर्यंत गेलो आणि पुढे भेगाळलेल्या गाळातून चालत निघालो. नैवेद्याच्या पाटीत तळाशी मी कागद, रंग आणि पाण्याची बाटली दडवली होती. समोर धरण पसरलेलं असताना मी घरून पाणी घेऊन निघाले होते, यावरून माझी अवस्था ओळखावी.

आत्या गाभाऱ्यात शिरल्या आणि मी बाहेर गाळातच बसकण मारली. काळं ओलसर देऊळ, त्यावर वाळून पांढरं पडलेलं शेवाळ, मागे लांबवर पाणी. वारा असा की आकाश रंगवून होईतो वाळत होतं. नंदीवर बसलेला एक बगळा माझ्याकडे संशयाने बघत होता. मी एकटीच हसत होते. घाईत एकदा ब्रश बाटलीऐवजी नैवेद्याच्या दुधाच्या तांब्यात बुडवला, तर ढगाला तोच रंग शोभून दिसला. इतकं सुख मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं.

आत्या बाहेर आल्या, माझ्यामागे उभ्या राहिल्या. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी बराच वेळ चित्र बघितलं.

"आमचं घर कुठं हाय ह्यात?"

मी म्हटलं, ते आता दिसत नाही ना.

"दिसत न्हाय म्हंजी नव्हतं व्हय?"

त्यांनी बोट दाखवलं तिथे चार दगड होते. मी तिथे मातकट रंगाची एक भिंत काढली. तेवढ्यात मामंजी आले आणि म्हणाले की गोठा राहिला. आत्या म्हणाल्या, गोठा मागे होता. मामंजी म्हणाले, गोठा पुढे होता. दोघं गाळात उभं राहून हिरिरीने भांडायला लागले, आणि मी दोन्हीकडे एकेक गोठा काढून टाकला.

पुढे लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलावर चिरोटे आणि थर्माकोलचा बंगला यांच्यामध्ये जागा मोकळी राहिली. नणंदेने मला न विचारता तिथे चित्र उभं केलं. नवरदेवाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, दुष्काळी सुप्याकडच्या. त्या चित्रापुढे थांबल्या त्या हलेचनात. आमच्याकडे एवढं पाणी नजरेला पडत नाही, हे मी बैठकीत लावते, म्हणाल्या. रुखवतात मांडलं ते नवरीबरोबर जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. दोन दिवसांत मला पुणं गाठायचं होतं, दुसरं चित्र नव्हतं, आणि वरमाईला नाही म्हणणारी सून अजून जन्माला यायची होती.

आत्यांनी महिनाभर वरपक्षाच्या प्रत्येक मागणीला मान डोलावली होती. त्या पुढे झाल्या, चित्र टेबलावरून उचललं आणि काखेत धरलं.

"बाकी समदं न्या, विहीणबाई. ह्ये तेवढं न्हाय. ह्ये माझ्या सुनंचं हाय, पुण्याला जायाचंय."

मामंजी टोपी काढून डोकं खाजवायला लागले. विहीणबाईंनी एकदा चित्राकडे, एकदा आत्यांकडे बघितलं, आणि मग म्हणाल्या की बरं, तो बंगला तरी नीट बांधून द्या.

संध्याकाळी पाठवणी झाली. नणंद माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती, आत्या रडत होत्या, मामंजीसुद्धा डोळे पुसत होते. मीही रडायचा मनापासून प्रयत्न केला. तोंड लपवायला पदर ओढून घेतला, पण हसू काही केल्या आवरेना.