स्वीडनची हरवलेली गाय

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. ही फजिती मी एकदाच सांगणार.

मी चाळीस वर्षं गावची ढोरं राखली. आमच्या गोंडपिपरीकडे जंगलाचा एक कायदा आहे. कोणी हाक दिली की ऐकणाऱ्याने उलट हाक द्यायची आणि काठी घेऊन निघायचं. कोण आहे, कोणाच्या घरचं आहे, विचारायचं नाही. आत वाघ असतो.

मोहफुलांचे दिवस होते. ऊन उतरलं होतं. मी शेताच्या बांधावर बसलो होतो. एकाएकी समोरच्या झाडीतून हाक आली. बाईची! उंच, लांब, शब्द एकही नाही. गाय हरवल्यावर ढोरकी देतो ना, अगदी तशी. आणि चारच दिवसांपूर्वी तिथून वाघाने गोऱ्हा नेलेला!

मी उलट हाक दिली. तिची पुन्हा आली. मी पुन्हा दिली. मग शेजारच्या शेतातल्या नामदेवला ओरडलो,

"माणसं बोलाव! डबे घे! बाई अडकली जंगलात!"

"भाऊ, आवाज गावाकडून येऊन राह्यला जी."

"चूप! जंगलाचा आवाज तू मले शिकवतं?"

दहा-बारा जण जमले. डबे बडवत आत शिरलो. पण जितकं आत जावं, तितकी हाक बारीक!

"आपल्यालेच पाहून पळून राह्यली का बाई?" एकजण म्हणाला.

"वाघ ओढून नेत असन!" मी म्हणालो.

हे बोलायला नको होतं. दोघं तिथूनच माघारी फिरले.

मग हाक बंदच झाली. डबे थांबले. कोणी कोणाकडे पाहीना. मी टोपी काढली. दुसरं काय करणार?

तेवढ्यात हाक पुन्हा सुरू! आता डबे वाजत नव्हते, म्हणून नीट कळलं. आवाज मागून होता. गावातून. इतका वेळ झाडीवर आदळून माझ्याकडे परत येत होता. नामदेवने माझ्याकडे पाहिलं. डबा काखेत मारून गावाकडे वळला. तेच जास्त लागलं.

हाकेच्या मागे मागे गेलो. गल्ली माझी. अंगण माझं. ओट्यावर नात बसलेली, पल्लवी. ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकते, सुटीत आली होती. बाजूला हातभर उंच स्पीकर, आणि हिचे डोळे मिटलेले!

"कोन बाई आहे हे?"

"स्वीडनची गायिका, आबाजी! नवा अल्बम आला तिचा. आधी मशीनचा धडधडाट अन् नाच राहे. आता सारं सोडलं तिनं. आपल्या आजीच्या डोंगरातल्या गावी जाऊन राह्यली, गाई बोलवाची हाक शिकली. लोक म्हणतेत, कुठून कुठी पोचली ही बाई!"

"कुठी पोचली? ढोरकीन झाली!"

नामदेव हसला. मग सगळेच हसले. एकाने तर हसता हसता जमिनीवर बसकण मारली. मी हसलो नाही. घरात जावं तर म्हणतील, म्हातारा पळाला. काठी धरून ओट्यावर बसलो आणि अख्खा अल्बम ऐकला. खोटं कशाला बोलू? बाईच्या छातीत दम आहे. अशी हाक मलाही तरुणपणी जमली नसती.

शेवटचं गाणं संपलं. माणसं उठायला लागली. मलाच राहवलं नाही.

"पल्लवी," मी विचारलं, "मंग सापडली का तिची गाय?"