पाटकरी आबा आणि काचेची बाटली

आमच्या गावात पांझरा नदीच्या पाटाचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ सोडायचं, हे माझे थोरले काका, आबा, ठरवत. कोरडं ढेकूळ दिसलं की त्यांचा हात फावड्याकडे जायचाच.

माझ्या वडिलांना, नानांना, घशाचा कॅन्सर झाला. पाण्याचा घोट उतरेना, जीभ लाकडासारखी झाली. बरं होणं नव्हतंच. तहान तेवढी भागावी, म्हणून मी धुळ्याच्या डॉक्टरांना टांग्यात घालून आणलं. त्यांनी आधी दुखणं शमवायची बारीक सुई टोचली. मग मिठाच्या पाण्याची बाटली पागोट्याच्या खुंटीला टांगली आणि रबरी नळीची सुई मांडीच्या कातडीखाली सरकवली. नळीवर चिमटा.

"थेंब थेंब जाऊ दे. मांडी थोडी फुगेल, आपोआप जिरेल. चिमट्याला हात लावायचा नाही."

मला तीनदा बजावलं. आबांना बजावायचं कुणालाच सुचलं नाही.

डॉक्टरांना टांग्यापर्यंत पोचवून आलो, तर चिमटा सताड उघडा, बाटली रिकामी, मांडी भोपळ्यासारखी टणक, नानांच्या डोळ्यांत पाणी आणि आबा समाधानाने उभे.

"आबा, काय केलंत हे?"

"बठ्ठं पाणी वरच व्हतं, आन मन्हा भाऊ कोरडा. इतला थेंबवर काय भिजी?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा नानांनी मांडीवर हात ठेवून मान हलवली. नाही. मी विनवलं, रुसलो, डॉक्टरांची नक्कलसुद्धा करून दाखवली. माझ्या नकलांना एरवी हसणारे नाना हसले नाहीत. दोन दिवस ओल्या फडक्याने त्यांचे ओठ टिपत मी मनातल्या मनात आबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या माझ्याही आहेत, हे नंतर लक्षात आलं.

डॉक्टर पुन्हा आले त्या दिवशी आबा दारातच उकिडवे बसले होते. आत येईनात. नानांनी बोटाने त्यांना जवळ बोलावलं, मग मला. आवाज नव्हताच, तोंडातून नुसता वारा यायचा.

"चिमटा तू धर. आबाना हात मी धरस."

डॉक्टरांनी दुसऱ्या मांडीला सुई लावली. आम्ही तिघे तसेच बसलो. प्रत्येक थेंबाला आबांची बोटं वळवळत आणि नाना ती दाबून धरत. उन्हं कलली तेव्हा नानांनी ओठांवरून जीभ फिरवली. जरा ओली होती.

मी मात्र आबांच्या मोकळ्या हातावरची नजर शेवटपर्यंत काढली नाही.