वरचा झणकार

गिटार दुरुस्त करणारा म्हातारा आठवडाभर तारवाल्याच्या नावाने बोटं मोडत होता. नव्या तारा, पण मेलेल्या! सेकंदाला ब्याऐंशी वेळा थरथरणारी जाड तार छान घुमायची; हजारो कंपनांचा तो वरचा झणकार मात्र गायब. तिसरा संच चढवला, तरी तेच. शेवटी त्याने लेकीला हाक मारली. तिने बारीक तार छेडली.

"बाबा, खणखणीत वाजतेय की!"

त्याने हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकवली. थरथर हाडाला कळली, कानाला झणकार ऐकू आलाच नाही.

"म्हणजे तुझा आवाज बसलाय म्हणून मी वर्षभर तुला मिठाच्या गुळण्या करायला लावतोय, ते...?"

लेकीने तळव्याने तार थांबवली.

"बसला नव्हता, बाबा. पण रोज केल्या मी."