बंद नाक आणि चटणीची राखण

आमच्या घरात संशयी माणसं दोन. एक मी आणि दुसरे माझे सासरे. नवरा बिचारा भाबडा, त्याला कुणीही गंडवावं. सासऱ्यांचा संशय दूधवाला, भाजीवाली, रिक्षावाला असा गावभर पसरलेला. माझा मात्र एकवटून सासऱ्यांवर.

त्यांच्या संशयाला खरा बहर यायचा उन्हाळ्यात, वर्षाची कांदा-लसूण चटणी करताना. मिरच्या वाळवून, देठं काढून, मसाला भाजून सगळं डंकावर न्यायचं. डंक म्हणजे मिरच्या कुटायचं यंत्र. तिथं डबा ठेवून घरी आलं की संपलंच, असं सासऱ्यांचं ठाम मत. "आपली गावरान जवारी मिरची त्येच्या घरात आन् त्येची फिकी मिरची आपल्या डब्यात," असं ते म्हणायचे. आमच्याकडं सगळेच आपापल्या डब्यापाशी शिंकत, डोळे पुसत उभे राहतात. पण सासरे उभे राहायचे ते सरहद्दीवर पहारा दिल्यासारखे. ही राखण आधी सासूबाई करायच्या. त्या गेल्यापासून सासऱ्यांनी ती कुणाच्याही हाती दिली नव्हती, माझ्या तर नाहीच नाही.

गेल्या थंडीत डोळ्यांच्या डॉक्टरबाई सासऱ्यांना म्हणाल्या, मोतीबिंदू पिकलाय, आता थांबू नका. थांबायचं होतं कुणाला? चहा कपाच्या बाहेर सांडत होता, एकदा तर पायरी चुकून पडता पडता वाचले होते. ऑपरेशनचा दिवस ठरला, आम्ही गेलो, आणि बीपी इतकं चढलेलं निघालं की तसंच परत पाठवलं. पुन्हा दिवस ठरला, पुन्हा तेच.

"आजोबा, बीपी आटोक्यात आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. "औषधं कोणकोणती चालू आहेत?"

"बीपीची येकच गोळी. ती बी न चुकता."

न चुकता घेतात हे खरं होतं, कारण मीच समोर उभी राहून देत होते. घरापाशी रिक्षातून उतरताना सासरे म्हणाले, "ह्या जन्मात डोळं उघडत न्हाईत बघ." मला भरून आलं, आणि पाठोपाठ संशयही आला. गोळी वेळेवर आणि बीपी वर, म्हणजे हा माणूस चोरून काहीतरी खातोय.

लोणच्याची बरणी मी माझ्या कपाटात ठेवली. पापड बंद, आमटी अळणी. नवराही अळणी जेवला, तक्रार न करता. बीपी काही हलेना. उलट सासऱ्यांची झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं, लघवीला अडायला लागलं. प्रत्येक तक्रारीमागं मला मिसळीची तर्रीच दिसायची. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात, तिथंच कुठंतरी हाणत असणार. कुठं बसला होता असं विचारलं की चिडायचे. म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती तेव्हा एका सकाळी मी त्यांच्या मागं निघाले. अंतर राखायचीही गरज नव्हती, चार हातांपलीकडचं त्यांना दिसतच नव्हतं. मिसळीचं दुकान आलं. मी श्वास रोखला. काठी टेकत ते सरळ पुढं गेले! माझी निराशा झाली, हे कबूल करते. पुढं एका बाकावर ते बसले. खिशातून इवलीशी बाटली काढली, मान मागं टाकली आणि दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडले. मग एक गोळी काढून पाण्याशिवायच गिळली.

"काय घेतलंत मामा?"

ते दचकले. "आयला, तू हितं? काय न्हाय. नाकाचं थेंब आन् सर्दीची गोळी."

"आणि डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा?"

"त्यांनी औषधाचं इच्यारलं की! सर्दीच्या गोळीला औषध कोन म्हनतंय?"

म्हणजे मी इतके दिवस रोग रेड्याला आणि औषध पखालीला करत होते. थंडीत सर्दी झाली तेव्हापासून हे चालू होतं. बाटली संपली की मेडिकलमधून दुसरी. मी त्यांना तिथूनच आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी गोळीचं पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि कपाळाला हात लावला. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या हे औषध आवळतं, म्हणून नाक मोकळं होतं, ते म्हणाले. पण पोटात गेलेली गोळी काही फक्त नाकातच जात नाही. सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या आवळल्या की बीपी चढतं, धडधड होते, झोप जाते. म्हाताऱ्या माणसाची लघवी अडू शकते. बीपीवाल्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय या गोळीला शिवूच नये. आणि थेंब? ते तीन-चार दिवसांपुरते. पुढं थेंबांचीच सवय लागते, त्यांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त गच्च होतं, मग पुन्हा थेंब.

"पण काका, सर्दी कधीच गेली असणार. नाक जरासं चोंदलं तर चोंदू द्यायचं. एवढं काय अडलं होतं?"

सासऱ्यांनी काठीच्या मुठीवरून बोट फिरवलं.

"डोळं गेल्यात," ते म्हणाले. "मिरची आता वासानंच वळकतो मी. नाक बी बंद पडलं तर डंकावर हुबा ऱ्हाऊन काय करू?"

लोणच्याची बरणी लपवणारी मी, मला हे सुचलंच नव्हतं.

गोळी त्याच दिवशी बंद झाली. थेंब आधी एका नाकपुडीतले बंद करायचे आणि मग दुसरीतले, असं डॉक्टरांनी सांगितलं. जोडीला मिठाच्या पाण्याचे साधे थेंब दिले. ते दिवस वाईट गेले. तोंडानं श्वास घ्यायचे, जेवणाला चव नाही म्हणून ताट सारायचे, सगळ्यांवर डाफरायचे. बाटली पुन्हा आणतील म्हणून मी रोज त्यांचे खिसे चाचपत होते. त्यातच चटणीचा दिवस आला. भाजलेल्या मसाल्याचा डबा त्यांनी माझ्याकडं ढकलला.

"तू जा. पर तितनं हालू नगंस."

मी हलले नाही. शिंकून शिंकून जीव गेला, फोन वाजला तोही घेतला नाही. घरी येऊन डबा त्यांच्यासमोर उघडला. त्यांनी नाक अगदी आत घातलं, ओढून श्वास घेतला, आणि डबा परत दिला.

"कसा हाय वास?" त्यांनी मला विचारलं.

"चांगला आहे मामा. आपलीच मिरची आहे." त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

बीपी हळूहळू उतरलं. नाकही सुटलं. ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढून आम्ही घरी आलो. त्यांनी सगळ्यांत आधी चटणीच्या बरण्या मागितल्या, गेल्या वर्षीची तळाशी उरलेली आणि यंदाची. दोन्ही खिडकीत ठेवून ते बघत राहिले.

"गेल्या साली मी सोता हुबा हुतो, तरी बी फिकी," ते म्हणाले. "औंदाची बघ, कशी लालभडक हाय. म्होरल्या साली बी तूच जा."

वर्षभरात चटणीचा रंग उतरतोच. हे मला माहीत होतं. त्यांना तर माझ्याआधीपासून माहीत असणार. मी बरण्यांची झाकणं घट्ट लावली.

संध्याकाळी त्यांचा सदरा भिजत घालताना सवयीनं मी खिसा तपासला. रिकामा होता. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.