काचेतल्या झाडाला नर्मदेचा लोटा

जबलपूरच्या मराठी मंडळींनो, घाटावर सावली नाही ही आपल्या सगळ्यांची जुनी तक्रार. मी तर त्यावर भाषणं ठोकली आहेत.

आज सकाळी स्नान झाल्यावर भरलेला लोटा घेऊनच घाटाजवळचं नवं काचघर पाहायला गेलो. आत सदाहरित जंगल उभं केलंय. दाराशीच एक मोठं परदेशी झाड आहे. सवयीने हात जोडले आणि लोटा बुंध्याशी ओतला.

"काहून ओतून राहिले, भैया?" तिथल्या माळीणबाई म्हणाल्या. खमरिया वस्तीतल्या, आपल्यातल्याच मराठी. "रोज सगळे हेच करतात. मुळं सडून राहिली याची. हे मेलं तर माझी नोकरी जाईल."

मी माफी मागितली. त्यांनी काचेतून बाहेर बोट दाखवलं. घाटाच्या रस्त्यावर लावलेली कडुनिंबाची रोपं सुकत होती. "नर्मदामाईचं पाणी त्यांना चालत नाही काय?"

मी घाटावर परतलो, लोटा भरला आणि पहिल्या रोपाला घातला.

उद्या स्नानाला याल, तेव्हा तुमचा लोटा काचघरात नेऊ नका. रस्त्यावरच्या एका कडुनिंबाला घाला.