सेल्वीचा पास

एकेचाळीस अर्ज परत आले होते. एकेचाळीसही माझ्या हातचे होते.

ऑफिस असिस्टंट आरोग्यम याने सायकलवरून न उतरता तो गठ्ठा माझ्या ओट्यावर टाकला. वरच्या कागदावर निळ्या पेन्सिलीने शेरा होता : ‘आवश्यक नाही.’ मी दुसरा कागद उलटला. तोच शेरा. तिसरा. तोच. दहाव्या कागदानंतर मी उलटणे थांबविले.

“दुसऱ्या कोणाचा गठ्ठा आणलास काय?” मी विचारले.

“अक्षर बघा ना, रायटर सार,” तो मास्कमागून म्हणाला. “एवढा लांबलचक नमस्कार जिल्ह्यात दुसरा कोण घालतो?”

माझ्या व्यवसायाविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. आमच्या तंजावूरला सरकारी अर्जास ‘मनू’ म्हणतात, आणि तो लिहून देणाऱ्यास ‘रायटर’. एका सरकारी कचेरीसमोर, पुंगन झाडाखाली, माझे टेबल सव्वीस वर्षे आहे. शाळा आठवीत सुटली. तथापि किती अधिकारी आले आणि बदलून गेले, माझे टेबल हलले नाही. घरी आमची मराठी, कागदावर तमिळ, आणि गरज पडल्यास इंग्रजी. आठवीत नापास झाल्यावर इंग्रजी अर्जाचा मसुदा मला आमच्याच लोकांतील विठ्ठलराव यांनी शिकविला. ते पोस्टमास्तर होते. मी त्यांना मामा म्हणतो.

मनूचे चार भाग असतात. प्रथम वंदन. नंतर अर्जदाराची हलाखी. नंतर विनंती. शेवटी अधिकाऱ्याच्या मुलाबाळांना आशीर्वाद. यांतील दुसरा भाग हा मनूचा प्राण. विधवेची पेन्शन असो, रेशनकार्ड असो, जमिनीचा उतारा असो, अर्जदार किती निराधार आहे हे ठसल्यावाचून फाइल पुढे सरकत नाही. माझा हलाखीचा भाग वाचून एका तहसीलदारांनी चष्मा पुसला होता. हे पाहिलेले लोक अद्याप हयात आहेत.

लॉकडाउन लागला आणि टेबल बंद झाले. सकाळी भाजीसाठी काही तास बाहेर पडण्याची मुभा होती, तेवढ्या वेळात लोक माझ्या घराच्या ओट्याशी येऊ लागले. सर्वांना पास हवा होता. पास म्हणजे हा मनुष्य ‘आवश्यक सेवे’तील आहे असे सांगणारा सही-शिक्क्याचा कागद. तो असल्यास पोलीस बॅरिकेडवरून सोडत. आमच्याकडे वडवारू नदीचा पूल बंद केला होता, कारण पलीकडचा करंदै भाग कंटेनमेंट झोन ठरला होता. म्हणजे तेथे रोगी सापडले होते आणि आत-बाहेर जाणे बंद होते.

मी चार दिवसांत एकेचाळीस मनू लिहिले. एकही दोन पानांहून कमी नव्हता.

गठ्ठा अजून माझ्या मांडीवर होता, इतक्यात सेल्वी आली.

सेल्वी आमच्या मागच्या गल्लीत राहते. चाळिशीची बाई. पुलापलीकडे विठ्ठलमामांच्या घरी भांडी, केर आणि स्वयंपाक करते; त्यांना ती ‘अय्या’ म्हणते. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे, आणि मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेलेली. रोज दोन वेळा इन्शुलिनची सुई लागते. सिरिंजवरच्या रेघा त्यांना दिसत नाहीत. कधीतरी एका नर्सने सेल्वीला सुई द्यायला शिकविले, आणि तेव्हापासून ते काम तिच्याकडे आले.

“अण्णा, पास आला?” तिने खालूनच विचारले.

मी गठ्ठ्यातून तिचा कागद काढून दाखविला. तिला वाचता येत नाही. निळी पेन्सिल मात्र तिला कळली.

“मग अय्यांचं काय?” ती म्हणाली. “कालपर्यंत मी नदीतून जात होते. कोरडीच आहे. काल सकाळची सुई देऊन परत येताना पोलिसांनी बघितलं. म्हणाले, पुन्हा दिसलीस तर केस घालू. संध्याकाळी माणूसच उभा केला तिथं. काल संध्याकाळची सुई नाही, अण्णा. आज सकाळचीही नाही.”

मी मामांना फोन लावला. पुष्कळ वेळाने उचलला गेला.

“कोण? गोपाळ का रे?” आवाज जड होता. “जेवलास का?”

“मामा, कसे आहांत?”

“तहान लागते रे. मडकं संपलं. सेल्वी उठली नाही का अजून?”

सकाळचे साडेनऊ वाजले होते. सेल्वी त्यांच्या घरी कधी झोपत नाही.

शेजाऱ्यांना फोन केला. खिडकीतून पाणी देतो म्हणाले, पण आत जाणार नाही. ॲम्ब्युलन्सला फोन केला. पेशंट बोलतो आहे काय, असे त्यांनी विचारले. बोलतो आहे म्हटल्यावर, गाड्या सर्व बाहेर आहेत, नंबर लागला की येऊ, एवढेच उत्तर मिळाले. ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होता.

“चल,” मी सेल्वीला म्हटले. “कचेरीत माझा शब्द चालतो.”

कचेरीच्या व्हरांड्यात दोरी बांधली होती. दोरीपलीकडे डेप्युटी तहसीलदार मॅडम बसल्या होत्या. तालुक्यातील पास त्यांच्या सहीने निघत. त्या नव्या होत्या. मी नमस्कार केला आणि गठ्ठा उंच धरला.

“मॅडम, काहीतरी घोटाळा झालेला दिसतो. हे सर्व अर्ज नामंजूर झाले.”

“ते तुम्ही लिहिले?” त्यांनी मान वर केली. “बरं झालं आलात. आरोग्यम, ते इकडे दे. रायटर, मी काल हे सगळे वाचले. एकेचाळीस घरांतलं रडणं वाचलं. हा घ्या. हा माणूस काय करतो?”

“हा रामू. वॉर्डाच्या पाण्याच्या टाकीत क्लोरीन टाकतो.”

“हे कुठं लिहिलंय?”

मी कागद पाहिला. दीड पान रामूच्या बहिणीचे लग्न मोडल्याची हकिगत होती. ती मी मन लावून लिहिली होती. क्लोरीन हा शब्द नव्हता. टाकी हाही नव्हता.

“याने क्लोरीन टाकलं नाही तर वॉर्ड काय पिणार? याच्या बहिणीची गोष्ट?” मॅडम म्हणाल्या. “आणि हा?”

तो गॅस सिलिंडर पोहोचविणारा होता. त्याच्या अर्जात त्याच्या आईचा मोडलेला पाय होता. सिलिंडर नव्हते.

“मॅडम,” मी म्हणालो, “अर्जात प्रथम अर्जदाराची अडचण मांडण्याची पद्धत आहे. सव्वीस वर्षे...”

“अडचण आख्ख्या जिल्ह्याला आहे. अडचणीसाठी पास दिला तर सगळा जिल्हा रस्त्यावर येईल. मला एकच कळायला हवं. हा माणूस घरी बसला तर दुसऱ्या कोणाचं काय अडेल? तेवढंच तुम्ही कुठंही लिहिलेलं नाही. एकाही कागदावर नाही.”

मी सेल्वीला पुढे केले.

“ही कोण?” मॅडमनी सेल्वीकडे बोट केले.

“ही सेल्वी. घरकाम करते.”

“घरकाम लिस्टवर नाही.”

“ही सुई देते, मॅडम. आंधळ्या म्हाताऱ्याला इन्शुलिन. काल संध्याकाळपासून ती चुकली आहे. ते आता असंबद्ध बोलत आहेत.”

मॅडम उभ्या राहिल्या. “मग हे अर्जात का नाही?”

“असणारच,” मी म्हणालो, आणि सेल्वीचा मनू वाचू लागलो. पहिले पान संपले. दुसरे संपले. मी पुन्हा पहिल्या पानावर आलो. वंदन होते. निराधार स्त्री होती. व्यसनी नवरा होता. उपाशी लेकरे होती. आशीर्वाद होता. इन्शुलिन नव्हते. विठ्ठलमामांचे नाव नव्हते. ज्या मनुष्याने मला अर्ज लिहिणे शिकविले, त्याच्या जीवाचा अर्ज मी लिहिला होता, आणि तो मनुष्य त्यात नव्हता.

“मी सांगितलं होतं, अण्णा,” सेल्वी हळू आवाजात म्हणाली. “लिहिताना म्हटलं, अय्यांच्या सुईचं लिहा. तुम्ही म्हणालात, ती घरगुती बाब आहे, ऑफिसरला त्याचं काय? नवऱ्याचं सांग.”

हे खरे होते. मला ते शब्दशः आठवले.

“नवऱ्याचं काय?” मॅडमनी विचारले.

मी उत्तर देण्यापूर्वी त्यांनी माझ्या हातून कागद घेतला आणि ती ओळ मोठ्याने वाचली. “‘पती अहोरात्र मद्याच्या आहारी गेल्याने...’”

“कोण?” सेल्वी किंचाळली. “माझा कुमार? तो दारूला शिवत नाही! मिनी व्हॅन चालवतो तो!”

“ते मागाहून,” मॅडम म्हणाल्या आणि एक कोरा कागद दोरीवरून माझ्याकडे टाकला. “एक ओळ लिहा. वंदन नको. आशीर्वाद नको. आत्ता.”

मी आयुष्यात एका ओळीचा अर्ज लिहिला नव्हता. पेन उघडून मी उभा राहिलो आणि पहिला शब्द सुचेना. सवयीने ‘परमपूज्य’ लिहिले आणि खोडले. शेवटी लिहिले : ‘करंदै येथील अंध वृद्ध विठ्ठलराव यांना सेल्वी रोज दोन वेळा इन्शुलिनची सुई देते, घरात दुसरे कोणी नाही, ती न गेल्यास ती सुई त्यांना मिळत नाही.’

मॅडमनी ती वाचली. त्याच कागदावर खाली सेल्वीचे काम ‘घरकाम’ऐवजी ‘रुग्णसेवक’ असे लिहिले, सही केली, शिक्का उमटविला. सव्वीस वर्षांत माझ्या कोणत्याही कागदावर इतक्या लवकर शिक्का पडला नव्हता.

“बाकीचे चाळीस दोन वाजेपर्यंत,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकी एक ओळ.”

आम्ही पुलाकडे जवळजवळ धावलो. कॉन्स्टेबलने पास उलटसुलट पाहिला आणि सेल्वीसाठी बॅरिकेड बाजूला केले. मीही पाऊल उचलले.

“तुम्ही कुठं?”

“मी यांच्याबरोबर. रुग्ण माझे मामा आहेत.”

“पास?”

“हा पास मीच लिहिला आहे.”

“छान लिहिलाय, सार. तुमचा दाखवा.”

एकेचाळीस जणांच्या अर्जांत माझा नव्हता. मला तो लागेल असे वाटलेच नव्हते. सेल्वी थांबली नाही. तिने मागे वळूनही पाहिले नाही. पुलाच्या टोकापर्यंत ती दिसली, नंतर वळणावर दिसेनाशी झाली. मी उन्हात उभा राहिलो. कॉन्स्टेबलने मला दोनदा घरी जाण्यास सांगितले.

सुमारे वीस मिनिटांनी फोन आला.

“अण्णा, अय्या खाली पडलेत. हाक मारली तर डोळे उघडतात. शुगर बघितली, मशीनवर आकडाच येत नाही, नर्सनं ओळखायला शिकवलेलं ‘हाय’ एवढंच येतंय.”

त्याचा अर्थ साखर यंत्राच्या मोजण्यापलीकडे गेली होती.

“सुई?”

“आत्ता दिली, रोजची. ॲम्ब्युलन्सला पण परत फोन केला. डोळे फिरवतात म्हटलं तर लगेच येतो म्हणाले.”

ॲम्ब्युलन्स माझ्या समोरून पूल ओलांडून गेली आणि मामांना घेऊन माझ्या समोरूनच परत आली. मी हात वर केला. आतून कोणाला दिसला असेल असे वाटत नाही.

बाकीचे चाळीस लिहिण्यासाठी मी घरी आलो. ओट्याशी लोक उभे होते. मी प्रत्येकास विचारले, तू घरी बसलास तर कोणाचे काय अडते? गवळी लगेच म्हणाला, “गाय थांबत नाही, सार.” लेथवाला म्हणाला, सरकारी हॉस्पिटलच्या ट्रॉलीची चाके मीच बसवितो. एक ओळखीचा ज्योतिषी बराच वेळ विचार करून आपली छत्री घेऊन निघून गेला. त्याच्या मनूत मी तीन आजार लिहिले होते. त्याच्यामागोमाग आणखी चौघे गेले. दोन वाजता मी पस्तीस ओळी नेऊन दिल्या. एकोणतीस मंजूर झाल्या.

मामा नऊ दिवसांनी घरी आले. “उशीर का झाला रे सेल्वीला?” त्यांनी फोनवर विचारले. मी सांगितले. “मसुदा वाचून दाखवावा म्हणून शिकवलं होतं मी तुला,” ते म्हणाले. “ज्याचा अर्ज, त्याला.” शिकविले होते, हे मलाही आठवले.

लॉकडाउन उठल्यावर टेबल पुन्हा पुंगन झाडाखाली मांडले. पहिल्या आठवड्यात सेल्वी आली. तिच्याबरोबर धुतलेल्या शर्टातला, नीट भांग पाडलेला एक मनुष्य होता.

“हा कुमार,” ती म्हणाली.

कुमार टेबलापर्यंत आला आणि वाकून त्याने माझ्या तोंडाजवळ श्वास सोडला. “वास येतो का, रायटर सार?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग सरकारच्या फाइलीत मी दारुडा कसा? उद्या मुलीच्या शाळेत कोणी ते काढून दाखवलं तर? पुसून द्या.”

फाइलीतले पुसता येत नाही. त्यावर दुसरा अर्ज जोडता येतो. तो मी कुमारच्या देखत लिहिला आणि सही करण्यापूर्वी दोघांना मोठ्याने वाचून दाखविला. तेव्हापासून प्रत्येक अर्ज मी वाचून दाखवितो. त्यामुळे दिवसाला पूर्वीच्या निम्मे अर्ज होतात आणि लोक फार दुरुस्त्या सांगतात. कुमारचा अर्ज एका ओळीचा आहे : ‘माझ्या पत्नीच्या अर्जात लिहिले आहे तसा मी दारू पीत नाही, ते रायटरने लिहिले.’

तो अर्ज अद्याप विचाराधीन आहे.