मामा, मी आणि गेमिंग पीसी

कॉम्प्युटरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक रिकामी खोकी आणि दुसरे किस्से. खोकी निदान वॉरंटीसाठी तरी कोणीतरी शोधत येतं. किस्से मात्र आमच्याकडेच पडून राहतात.

कोपरगावात आमचं छोटं दुकान आहे. माझ्या मामाचं, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाचं. आधी मामा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आले आणि टीव्हीच्या जागी कॉम्प्युटर आले. आता गिऱ्हाईक एकेक पार्ट निवडतं आणि आम्ही तो जोडून गेमिंग पीसी तयार करतो. मामा वायरी बघतो, बाकी सगळं मी.

* * *

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एक गृहस्थ पार्टची पिशवी घेऊन आले. सगळं बाहेरून आणलेलं, फक्त जोडून हवं होतं. मला म्हणाले, "मिस्त्री कुठंय?"

मी म्हटलं, "बसा. काम सुरू करते."

ते बसले. मी मदरबोर्ड काढला, प्रोसेसर बसवला, रॅम लावली, कार्ड लावलं, वायरी ओढल्या. ते मधूनमधून दाराकडे बघत होते. चहा झाला. पेपर वाचून झाला. पाऊण तासानं मी बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन उजळली.

ते खूश होऊन उठले. म्हणाले, "बरं झालं बाई, मिस्त्री यायच्या आधीच चालू झाला!"

* * *

मामाचा एक नियम आहे. आपल्या अंगात थोडी वीज साठलेली असते, ती नाजूक पार्टला लागली तर पार्ट जातो. म्हणून कोणीही पार्टला हात लावण्याआधी भिंतीतून जमिनीत गेलेल्या जुन्या लोखंडी पाइपला हात लावायचा. मामा कारण सांगत बसत नाही. नुसतं म्हणतो, "आधी पाइप."

एकदा एक बाई मुलाचा नवा पीसी न्यायला आल्या. मुलानं रॅम बघायला मागितली. मामा म्हणाला, "आधी पाइप." मुलानं पाइपला हात लावला. बाईंनी ते बघितलं, चपला बाजूला काढल्या, पाइपला हात लावला आणि डोळे मिटून नमस्कार केला. मग पर्समधून कुंकवाची डबी काढली.

मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मामानं मला डोळ्यांनी गप्प केलं. त्या गेल्यावर म्हणाला, "राहू दे. त्या निमित्तानं लोक न सांगता हात लावतील."

खरंच लावतात!

* * *

राहात्याकडचे एक गुरुजी. शाळेत इंग्रजी शिकवतात. महिनाभर व्हिडिओ बघून त्यांनी घरीच स्वतः पीसी जोडला. चालू झाला, पण चार मिनिटांत बंद पडायचा. चार दिवस झगडले आणि शेवटी चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षातून आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "प्रोसेसर जळला असेल तर स्पष्ट सांगा. मनाची तयारी केलीय."

मी बघितलं तर प्रोसेसर उकळत होता. म्हणजे त्याच्यावर बसवलेला कुलर उष्णता ओढतच नव्हता. मी कुलर काढून उलटा केला. खाली पारदर्शक प्लास्टिक तसंच चिकटलेलं. त्यावर लाल अक्षरांत इंग्रजी सूचना.

मी म्हटलं, "गुरुजी, काय लिहिलंय हो?"

गुरुजींनी चष्मा लावला आणि वर्गात वाचतात तशी, स्पष्ट उच्चारात, ती सूचना वाचली. लावण्यापूर्वी हे काढून टाका, असा तिचा अर्थ. मग चष्मा काढला.

"मॅडम, माझ्या गाडीच्या सीटचं प्लास्टिक तीन वर्षं झाली, अजून काढलेलं नाही."

* * *

एक उसाचे बागायतदार आपल्या लेकीला घेऊन आले. लेक इंजिनीअरिंगला. तिच्या वहीत यादी तयार. ग्राफिक्स कार्ड तगडं आणि रंगीत दिव्यांचे सहा पंखे. एवढ्याचं बजेट बसवायला तिनं पॉवर सप्लाय मात्र अगदी हलका लिहिलेला. पॉवर सप्लाय म्हणजे सगळ्या पार्टना वीज वाटून देणारा डबा. तोच कमी पडला तर बाकी सगळं धोक्यात.

मी समजावत होते, ती ऐकत नव्हती. वडील मात्र ऐकत होते. अचानक म्हणाले, "थांबा. मोटर साडेसात एचपीची घ्यायची अन् स्टार्टर तीनचा बसवायचा, असं चाललंय का हिचं?"

मामा खुर्चीतून उठलाच. "अगदी तसंच!"

"मंग ते लायटीचे पंखे काढा. साधे टाका. डबा मोठा द्या."

"पप्पा, लाईटशिवाय कसला गेमिंग पीसी?"

"आपल्या इहिरीवरच्या मोटरीला हायेत का लायटी? पानी देती ना?"

पोरगी गाल फुगवून गेली. चार दिवसांनी तिनं मला फोटो पाठवला. पीसीभोवती दिवाळीची अख्खी माळ गुंडाळलेली, मॉनिटरसकट. खाली लिहिलेलं, "पप्पांनी स्वतः लावली. आता काढू देत नाहीत!"

* * *

आणि एसटीचे ड्रायव्हर काका.

पुण्याहून एका मुलीचा फोन आला. म्हणाली, "बाबांची बायपास झाली. डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केलीय. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या बस बघतात, कोणाशी बोलत नाहीत. बस चालवायचा गेम असतो ना? त्यासाठी पीसी बनवा. स्टेअरिंग, पेडल, सगळं लावा."

आम्ही मन लावून बनवला. रस्ता अडखळत दिसू नये म्हणून कार्ड चांगलं निवडलं. मॉनिटर मोठा घेतला. मामानं स्टेअरिंग टेबलाला इतकं घट्ट बसवलं की टेबल हलेल, पण ते नाही.

काका-काकू बघायला आले. काकू पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात स्टुलावर बसल्या. काका मनाविरुद्धच स्टेअरिंगवर बसले. खुर्ची पुढेमागे केली. दोन्ही आरसे बघितले. स्क्रीनवर स्टॉप आला, लोक चढले, दार लागलं.

गाडी हलेना.

मला वाटलं, हँग झाला. बघितलं तर पंखे व्यवस्थित, सगळं चालू. स्क्रीनवर मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. काका हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत बसलेले.

मी म्हटलं, "काका, निघा की."

"घंटी कुटं झाली?"

त्या गेममध्ये कंडक्टर नव्हता. मी मामाकडे बघितलं, मामानं माझ्याकडे. काकांनी हळूच एक हात स्टेअरिंगवरून खाली घेतला.

तेवढ्यात काकू उठल्या. पिशवी स्टुलावर ठेवली, पुढे आल्या आणि बोटातल्या अंगठीनं पीसीच्या कॅबिनेटच्या पत्र्यावर दोनदा वाजवलं. टण टण.

काकांनी गिअर टाकला.

पुढे अर्धा तास गाडी धावली. स्टॉप आला की काकू एकदा वाजवायच्या, लोक चढले की दोनदा.

आठवड्यानं मी विचारपूस करायला फोन केला. "काका, मशीन कसं चाललंय?"

"मशीन एक नंबर हाय! पन दोन दिवस झाले, गाडी डेपोतच उभी हाय."

मी घाबरले. "का? काय बिघडलं?"

"बिघडलं काय न्हाई. कंडक्टर माहेरी गेल्यात, बेलापूरला. परवा येत्याल."